उशिराच्या हंगामातला बास: काठावरून आणि कायाकमधून गळ टाकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पानगळ सुरू झाली की तळ्यावरची गर्दी ओसरते. बोटी काठाला लागतात, रॉड कपाटात जातात, आणि बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाच्या वर्षातला माझ्या मते सगळ्यात शिकवणारा काळ कोणी बघायला नसताना निघून जातो. या दिवसांत पाण्यावर जाऊ इच्छिणारे लोक मला जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. मोठी बोट नाही, फक्त काठ आहे किंवा एक कायाक (वल्ह्याने चालवायची छोटी, अरुंद होडी) आहे, असं धरूनच उत्तरं लिहिली आहेत.

उशिराचा हंगाम नेमका कधी सुरू होतो?

तारीख बघू नका, पाण्याचं तापमान बघा. पाणी १५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की हंगाम सुरू झाला असं मी मानतो. वर बर्फ धरेपर्यंत तो चालतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडाच्या दक्षिण भागात हे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घडतं. अमेरिकेच्या दक्षिणेत तेच तापमान डिसेंबर-जानेवारीत येतं आणि तिथलं पाणी गोठण्यापर्यंत क्वचितच जातं.

माझ्या डोक्यात या काळाचे तीन तुकडे आहेत. १५ ते १० अंशांत बास धावून खातो, बारक्या मासळीच्या थव्यामागे उथळ पाण्यातही शिरतो. १० ते ७ मध्ये तो हिवाळ्याच्या मुक्कामाकडे सरकतो आणि एकेका जागी बरेच मासे जमू लागतात. ७ च्या खाली त्याचं सगळंच मंदावतं. बास शीत रक्ताचा प्राणी आहे. पाणी गार झालं की त्याचं पचन हळू होतं, हालचाल हळू होते आणि भूकही कमी होते. या रेषा काटेकोर नाहीत, पण कोणत्या दिवशी काय बांधायचं हे ठरवायला पुरतात.

एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून खिशात ठेवा. काठाजवळच्या उन्हातल्या पाण्याचा आकडा फसवतो, म्हणून तो दोन-तीन मीटर खाली सोडून मिनिटभर थांबा आणि मग वाचा.

लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ, दोघांना एकच नियम लागतो का?

नाही. या बासच्या दोन जाती. दोघेही उत्तर अमेरिकेतले, सनफिश कुळातले आणि मायक्रोप्टेरस या एकाच वंशातले. ओळखायची सोपी खूण म्हणजे जबडा. लार्जमाउथचा वरचा जबडा डोळ्याच्या मागे जातो, स्मॉलमाउथचा डोळ्याच्या खालीच संपतो. लार्जमाउथच्या अंगावर आडवा काळपट पट्टा असतो, स्मॉलमाउथ काशाच्या रंगाचा आणि उभ्या पट्ट्यांचा.

गारठ्यात लार्जमाउथ हिरव्या वनस्पतीला, बुडालेल्या लाकडाला आणि शांत पाण्याला धरून राहतो. स्मॉलमाउथ खडक आणि खोली शोधतो. नदीतला स्मॉलमाउथ तर हिवाळ्याच्या डोहापर्यंत कित्येक किलोमीटर प्रवास करतो. त्यामुळे सप्टेंबरमध्ये ज्या खळाळात तो हमखास लागत होता, तिथे नोव्हेंबरमध्ये दिवसभर उभं राहिलात तरी काही लागणार नाही.

पाणी ढवळल्यासारखं, वासाचं झालंय आणि मासा लागत नाही. काय झालं?

बहुधा तळ्याची उलथापालथ सुरू आहे. उन्हाळ्यात खोल तळ्यात पाण्याचे थर पडतात: वर ऊबदार आणि हलकं, खाली गार आणि जड, मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ थर. तळाच्या पाण्याला महिनोन्‌महिने हवा लागत नाही, म्हणून तिथला प्राणवायू संपत जातो. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसू लागतं आणि एका वाऱ्याच्या दिवशी सगळे थर मिसळतात. तळाचा कुजलेला पाला वर येतो, कडेला फेस जमतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

अशा दिवसांत बास विखुरतो. जी खोली काल धरून होता ती आज धरून राहायचं त्याला कारण उरत नाही, कारण प्राणवायू आता सगळीकडे आहे. माझा सल्ला सरळ आहे: आठवडाभर ते तळं सोडा. नदीवर जा किंवा उथळ तळं बघा. तिथे असे थर मुळात टिकतच नाहीत. मोठ्या जलाशयात सगळे फाटे एकाच दिवशी उलटत नाहीत, त्यामुळे एका टोकाला गढूळ असेल तर दुसऱ्या टोकाला जाऊन बघण्यात अर्थ आहे. जाणं शक्यच नसेल तर उथळात, लाकडाजवळ, मोठा आवाज करणारं आमिष वापरा.

उलथापालथ संपली की पाणी निवळतं आणि पुढचे दोन-तीन आठवडे वर्षातले सगळ्यात चांगले ठरू शकतात.

मग थंडीत मासे सगळ्यात खोल जागी जाऊन बसतात का?

अर्धवट खरं. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे गोठायच्या बेतात आलेल्या तळ्यात तळाचं पाणी वरच्यापेक्षा किंचित ऊबदार असतं. पण बास फक्त खोलीच्या मागे नसतो. त्याला कमी श्रमात खायला हवं असतं आणि उन्हाचा दिवस आला तर थोडं वर सरकता यायला हवं असतं. म्हणून तो उभ्या उतारावर राहतो, जिथे दोन मीटर आणि आठ मीटर खोली यांत फक्त काही हातांचं अंतर आहे. लांबच लांब उथळ पठारावर हेच अंतर कापायला त्याला शंभर मीटर पोहावं लागतं, आणि गार पाण्यात तो ते करत नाही.

काठावरून गळ टाकणाऱ्याला ही मोठी देणगी आहे. उन्हाळ्यात आपल्या फेकीच्या पलीकडे असणारा मासा आता उभ्या काठाला चिकटून, कधी कधी तर पायांपासून सात-आठ मीटरवर असतो.

काठावरून जागा कशी निवडू?

आधी नकाशा काढा. खोलीच्या रेषा दाखवणारा नकाशा मिळाला तर त्या रेषा काठाजवळ जिथे दाटीने येतात तिथे खूण करा. नकाशा नसेल तर जमीन बघा; काठावरची टेकडी जशी उतरते तशीच ती बहुतेक वेळा पाण्याखालीही उतरत जाते. धरणाच्या भिंतीचं दगडी पिचिंग, पुलाचे खांब, पाण्यात शिरलेली खडकाळ टोकं, नदीच्या वळणाची बाहेरची बाजू, जुन्या ओढ्याचं पात्र जिथे काठाला घासून जातं ती जागा: यातलं जे तुमच्या चालण्याच्या टप्प्यात आहे तिथून सुरुवात करा. मात्र धरणाच्या भिंतीवर जायची परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या.

यानंतर ऊन. उत्तर गोलार्धात हिवाळ्याकडे सूर्य दक्षिणेला कललेला असतो, म्हणून तळ्याच्या उत्तर काठावर ऊन जास्त वेळ आणि सरळ पडतं. त्या काठाला गडद रंगाचे खडक असतील तर दुपारपर्यंत तिथलं पाणी अर्धा-एक अंशाने चढतं. ऐकायला हे थोडं वाटतं. ८ अंशांच्या पाण्यात तेवढ्याने बारकी मासळी हलू लागते, आणि तिच्यामागे बास.

तिसरी गोष्ट हिरवी वनस्पती. बहुतेक पाणवनस्पती आता पिवळी पडून कुजते आणि कुजताना आजूबाजूचा प्राणवायू खाते. पण एखादा पट्टा हिरवा, ताठ राहिलेला असतो. गळाला हिरवं, कुरकुरीत पान लागून आलं तर तिथून हलू नका. तपकिरी चिखलट काही आलं तर पुढे चला.

आता फेकायचं कसं, कारण काठावरचा खरा घोटाळा इथेच होतो. बहुतेक जण पाण्याकडे तोंड करून सरळ समोर, जास्तीत जास्त लांब फेकतात. काठ उभा असेल तर आमिष खोल पाण्यात पडतं आणि ओढताना उतार चढत येतं. ते माशाच्या पातळीत फक्त क्षणभर राहतं आणि दर दुसऱ्या फेकीला दगडात अडकतं. त्याऐवजी काठाला समांतर फेका. पाण्याच्या कडेपासून तीन मीटरवर एक फेक, मग पाच, मग आठ. आमिष सगळा वेळ एकाच खोलीवर चालतं आणि मासे कुठल्या खोलीवर आहेत हे अर्ध्या तासात कळतं. एकदा ती खोली सापडली की पुढचा सगळा काठ त्याच रेषेवर चालवायचा.

पाण्याच्या अगदी कडेला जाऊन उभे राहू नका. पहिल्या दोन-तीन फेकी मागे राहूनच करा. हिवाळ्याकडे पाणी स्वच्छ होतं आणि तुमची सावली माशाला लांबून दिसते.

पहाटे जायचं की दुपारी?

पाणी १२ अंशांच्या वर असेल तर पहाट आणि संध्याकाळ अजूनही चांगली. त्याखाली मी सकाळी घाई करत नाही. ११ ते ४ हा माझा वेळ. सलग तीन-चार दिवस सौम्य गेले असतील तर तिसरा-चौथा दिवस पहिल्यापेक्षा चांगला जातो. थंड लाट यायच्या आधीची ढगाळ, वारा सुटलेली दुपार सोडू नका. लाट येऊन गेल्यावर आकाश निळंशार होतं, हवा स्तब्ध होते. फोटो सुंदर येतात आणि मासा तोंड उघडत नाही. अशा दिवशी आमिष लहान करा, वेग निम्म्यावर आणा.

तीनच आमिषं न्यायची असतील तर कोणती?

जिग, सस्पेंडिंग जर्कबेट (झटका दिला की हलणारं आणि थांबवलं की पाण्यात लटकणारं, माशाच्या आकाराचं आमिष) आणि ब्लेडबेट.

जिग म्हणजे शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं असलेला गळ आणि त्यावर मऊ प्लास्टिक. लार्जमाउथसाठी १० ते १४ ग्रॅमचा, झालरवाला, मागे क्रेफिशसारखं प्लास्टिक लावलेला. स्मॉलमाउथसाठी मी ३ ते ५ ग्रॅमच्या चपट्या डोक्यावर सात सेंटिमीटरचं सरळ प्लास्टिक लावतो, ज्याला नेड रिग म्हणतात. ते तळावर टाकायचं आणि ओढायचंही नाही, नुसतं सरकवायचं. रीळ फिरवून सरकवलं तर वेग वाढतो, म्हणून रॉडचं टोक बाजूला हळू नेऊन सरकवा, मग सैल झालेली लाइन गुंडाळा. थांबा. पुन्हा. तळाचे खडे रॉडमधून हाताला कळले पाहिजेत.

ब्लेडबेट म्हणजे पोटाशी शिसं ओतलेली धातूची पात. उचलली की थरथरते, सोडली की खाली पडते. उभ्या काठावर किंवा कायाकच्या थेट खाली, पाच ते दहा मीटर खोलीत, ६-७ अंशांच्या पाण्यातही ती चालते. लोक ती फार जोरात उचलतात. थरथर हाताला जाणवली की पुरे. त्यापुढे पंधरा-वीस सेंटिमीटरसुद्धा नको. मासा बहुधा ती खाली पडतानाच घेतो, म्हणून लाइन किंचित ताणलेली ठेवून तिला खाली जाऊ द्या.

पाणी १० अंशांच्या वर असेल आणि वारा असेल तर चौथं आमिष म्हणून स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं आमिष) घ्या. बाकी पेटी घरी राहिली तरी चालेल. जागा शोधायला जो वेळ लागतो तो आमिषं बदलण्यात घालवू नये, असं माझं ठाम मत आहे.

जर्कबेटला किती वेळ थांबू द्यायचं?

वाटतं त्यापेक्षा जास्त. १२ अंशांना तीन-चार सेकंद, ८ अंशांना दहा, ५-६ अंशांना वीस किंवा तीसही. दोन हलके झटके, मग पूर्ण थांबा. ३० सेकंद मोजताना मन वैतागतं, म्हणून खरंच आकडे मोजा.

हे आमिष थांबल्यावर पाण्यात एकाच जागी लटकलं पाहिजे. उन्हाळ्यात नीट लटकणारं आमिष गार पाण्यात हळूहळू वर तरंगायला लागतं, कारण गार पाणी जड असतं. काठाजवळ एकदा तपासा. वर येत असेल तर पुढच्या गळाच्या दांड्यावर शिशाच्या तारेचे एक-दोन वेढे द्या. नाक किंचित खाली झुकलेलं आणि अगदी सावकाश बुडणारं आमिष या दिवसांत सगळ्यात जास्त मासे देतं.

लाइन कोणती आणि रॉडच्या कड्यांत बर्फ धरला तर?

सात फुटी, मध्यम ताकदीचा, टोकाला चपळ असा एक स्पिनिंग रॉड बहुतेक सगळं करतो. रिळावर १० पौंडांचा ताण पेलणारी वेणीची लाइन आणि पुढे ६ ते ८ पौंडाचा फ्लोरोकार्बनचा तुकडा. वेणी ताणली जात नाही, त्यामुळे हलकी चाहूल हातापर्यंत येते. फ्लोरोकार्बन बुडतो आणि स्वच्छ पाण्यात कमी दिसतो. नायलॉनचा साधा तंगूस गारठ्यात कडक होऊन रिळावरची वेटोळी सोडत नाही, म्हणून मी तो या दिवसांत वापरत नाही.

हवा शून्याखाली गेली की वेणी पाणी शोषून आणते आणि ते कड्यांत गोठतं. नखाने किंवा पक्कडने बर्फ फोडू नका, कड्याच्या आतलं चिनी मातीचं वेढं तडकतं. रॉडचं टोक क्षणभर पाण्यात बुडवा. पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, बर्फ सुटतो. अशा दिवशी सरळ सगळं फ्लोरोकार्बन भरलेलं दुसरं रीळ लावणं उत्तम.

गाठी घरी बांधून न्या. बधिर बोटांनी बांधलेली गाठ वर्षातल्या सगळ्यात मोठ्या माशाला सुटते. हे माझ्या बाबतीत घडलं आहे आणि तो मासा अजून डोळ्यांपुढे आहे.

ओढ जाणवतच नाही. मासा लागला हे कसं ओळखू?

गार पाण्यात ठोका क्वचित मिळतो. आमिष एकदम जड होतं, ओल्या पाल्यात रुतल्यासारखं. किंवा लाइन बाजूला सरकते. किंवा खाली पडणारी ब्लेडबेट मध्येच पडायची थांबते. काहीही वेगळं वाटलं की रॉड बाजूला झुलवून लांब ओढा. वर जोरात झटका मारू नका, तोंडाच्या कडेला नीट बसणारा गळ त्याने निसटतो.

जिवंत आमिष वापरावं का?

चालतं, पण मी टाळतो. बास ते घशापर्यंत गिळतो आणि सोडलेला मासा वाचायची शक्यता कमी होते. घशात गळ गेलाच तर उपटू नका, लाइन जमेल तेवढी जवळून कापून सोडा. एका पाण्यातले जिवंत मासे दुसऱ्या पाण्यात नेण्याला बऱ्याच ठिकाणी बंदी आहे आणि ती योग्य आहे. रोग आणि परकी जात अशाच बादलीतून पसरतात. उरलेलं आमिष पाण्यात ओतू नका.

कायाकसाठी काय घालायचं? हवा तर छान असते.

या सगळ्या पानावर हे एकच उत्तर वाचलंत तरी मला समाधान आहे.

कपडे हवेसाठी घालू नका, पाण्यासाठी घाला. नोव्हेंबरचा १८ अंशांचा उन्हाचा दिवस आणि ८ अंशांचं पाणी ही जोडी सगळ्यात धोक्याची, कारण अंगात शर्ट असतो आणि मनात उन्हाळा. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. थंड पाण्यावर संशोधन करणारे कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेक्ट यांनी लोकांना लक्षात राहावं म्हणून १-१०-१ हे सूत्र रूढ केलं. पहिलं १ मिनिट: गारठ्याच्या धक्क्याने श्वास सुटतो, धाप लागते, तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच बुडायला होतं. पुढची १० मिनिटं: हातापायांत कामाची ताकद असते, मग बोटं ऐकत नाहीत. १ तास: त्यानंतर शरीराचं तापमान इतकं उतरतं की शुद्ध हरपू शकते. म्हणजे गारठून मरायला वेळ लागतो, पण पोहता न येण्याची वेळ फार लवकर येते. लाइफ जॅकेट अंगावर नसेल तर त्या तासापर्यंत माणूस पोहोचतच नाही.

लाइफ जॅकेट मागे बांधून ठेवलेलं असेल तर ते नाहीच असं समजा. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही. काही राज्यांनी हे कायद्यातच घातलं आहे. न्यूयॉर्कमध्ये २१ फुटांपेक्षा लहान बोटीत १ नोव्हेंबर ते १ मे या काळात ते अंगावर घालणं सक्तीचं आहे, पेनसिल्व्हेनियात कायाकवर १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल, मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबर ते १५ मे.

पाणी १५ अंशांच्या खाली असेल तर ड्रायसूट घाला, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर. ड्रायसूट पाणी रोखतो, ऊब आतला थर देतो, दोन्ही लागतात. तो महाग असतो हे मला माहीत आहे. घेणं जमत नसेल तर जाड वेटसूट घाला आणि काठापासून दूर जाऊ नका. तेही नसेल तर त्या दिवशी कायाक घरी ठेवून काठावरून गळ टाका. सुती कपडे आणि जीन्स कधीच नाही. छातीपर्यंतचे वेडर (पाण्यात उभं राहायची जलरोधक विजार) घालून कायाकमध्ये बसणारे दिसतात. कमरेचा पट्टा घट्ट असला तरी ते ड्रायसूटचं काम करत नाहीत.

मी एकदा काठापासून वीस मीटरवर, ९ अंशांच्या पाण्यात पडलो. वाकून मासा घेत होतो. ड्रायसूट होता, जॅकेट होतं, तरी पहिले दहा-बारा श्वास माझे नव्हते. आणि काठावर आल्यावर उघड्या हातांनी जॅकेटचं बकल सुटेना. त्या दिवसापासून चाकू, शिट्टी आणि जलरोधक पिशवीतला फोन हे सगळं माझ्या अंगावर असतं, कायाकवर नाही.

पाण्यातून पुन्हा कायाकवर चढायचा सराव उन्हाळ्यात, ऊबदार पाण्यात, सगळे कपडे घालून करा. दहापैकी दहा वेळा जमेपर्यंत. कुठे जाताय आणि किती वाजता परतणार हे कोणाला तरी लिहून द्या.

वाऱ्यात कायाक एका जागी कसा धरू?

नांगर पुढच्या किंवा मागच्या टोकाला, कधीही बाजूला नाही. बाजूने बांधलेला कायाक लाटेत किंवा प्रवाहात आडवा होतो आणि उलटतो. टोकाकडे दोरी सरकवणारी अँकर ट्रॉली त्यासाठीच असते. दोरी एका झटक्यात सुटेल अशी बांधा. वाहत्या नदीत गार पाण्यात नांगर टाकूच नका असं मी सांगेन. तिथे मागे पडणाऱ्या शांत भोवऱ्यात शिरा किंवा काठावर उतरा.

तळ्यात मी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघतो, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. हळू वाहत जाऊन ब्लेडबेट खाली सोडायची असेल तर पाण्यातली छत्री (वेग कमी करणारी कापडी पिशवी) मागे लावा. लाटांची टोकं पांढरी व्हायला लागली की दिवस संपला असं समजून वळा.

हा बदकांच्या शिकारीचाही काळ आहे. भडक नारिंगी काहीतरी अंगावर ठेवा, वल्ह्याची पाती रंगीत असू द्या आणि लव्हाळ्यात लपून बसू नका.

काठावर तरी धोका नाही ना?

आहे. ओला पाला पडलेला खडक साबणासारखा असतो आणि सकाळी त्यावर दिसणार नाही इतका पातळ बर्फ असतो. खिळ्यांचे बूट घाला. वेडर घातलेत तर कमरेचा पट्टा बांधा. मासा धरायला उभ्या काठावर वाकू नका, लांब दांड्याची जाळी घ्या. कोरडे मोजे आणि एक जादा हातमोजा पिशवीत असू द्या.

मासा सोडताना थंडीत वेगळी काळजी लागते का?

गार पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, त्यामुळे धडपडलेला बास उन्हाळ्यापेक्षा लवकर सावरतो. पण हवा शून्याखाली असेल तर कल्ले आणि डोळे काही क्षणांत गोठू लागतात. गळ पाण्यातच सोडवा, फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा आणि एकदाच उचला. हात ओले करा, लोकरीचा हातमोजा माशाला लावू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गोठलेल्या दगडावर किंवा कायाकच्या कोरड्या तळावर ठेवू नका. मोजपट्टी आधी पाण्यात बुडवून घ्या. मोठ्या बासला जबड्याने उभा टांगू नका, दुसरा हात पोटाखाली द्या.

खोलीचा प्रश्न जास्त गंभीर आहे. नऊ-दहा मीटरहून खालून वर आणलेल्या बासची हवेची पिशवी फुगते. तो पोट वर करून तरंगतो आणि खाली जाऊ शकत नाही. पिशवीला सुई टोचून हवा काढणारे आहेत, पण अनुभव नसलेल्या हाताने त्यात इजाच होते. मी त्या खोलीत गळ टाकणं सोडलं आहे. मासे तिथेच बसलेले दिसत असले तरी.

आणखी एक. हिवाळ्याच्या मुक्कामी एका छोट्या जागेत अख्ख्या तळ्याचे मासे गोळा झालेले असतात. उत्तरेच्या गार पाण्यात ४५ सेंटिमीटरचा स्मॉलमाउथ दहा वर्षांहून जास्त वयाचा असू शकतो. अशी जागा सापडली तर पाच-सहा मासे घेऊन निघा, त्याच आठवड्यात परत जाऊ नका, आणि तिचा पत्ता सांगत सुटू नका.

कायद्याचं काय? पकडून सोडलं तर कधीही चालतं ना?

अजिबात गृहीत धरू नका. न्यूयॉर्क राज्यात बास ठेवायचा हंगाम १५ जून ते ३० नोव्हेंबर. त्यानंतर फक्त कृत्रिम आमिषाने पकडून सोडायची मुभा आहे. काही ठिकाणी हंगाम संपल्यावर बासवर गळ टाकणंच बेकायदा असतं, मग तुम्ही सोडा किंवा ठेवा. आणि जपानमध्ये बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे उलटा नियम आहे: बास तिथे परकी जात असल्यामुळे पकडलेला पाण्यात परत सोडायला मनाई आहे. निघायच्या आधी त्या पाण्याचा, त्या वर्षाचा नियम वाचा आणि परवाना बरोबर ठेवा.

वर्षातला सगळ्यात मोठा बास याच दिवसांत लागतो, हे खरं का?

विक्रम तसं सांगत नाहीत. जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाउथ धरला तो २ जून १९३२ रोजी. मनाबू कुरिता यांनी बिवा सरोवरात त्याची बरोबरी केली ती २ जुलै २००९ रोजी. स्मॉलमाउथचा ११ पौंड १५ औंसांचा विक्रम डेव्हिड हेज यांचा, डेल हॉलो जलाशयातला, जुलै १९५५ मधला. तिन्ही उन्हाळ्यातले.

तरी मोठ्या माशासाठी मी याच दिवसांची वाट बघतो. संख्या कमी मिळते, पण बारके बास फारसे मध्ये येत नाहीत, आणि उन्हाळाभर खाऊन तोच मासा आता अंगाने भरलेला असतो. त्याच लांबीचा जुलैतला आणि नोव्हेंबरातला स्मॉलमाउथ हातात घेतलात तर फरक मनगटाला कळतो.

शेवटचा दिवस कोणता मानायचा?

कायाकचा शेवट काठाच्या आधी येतो. उतरायच्या जागेवर बर्फाची कड धरायला लागली की मी कायाक बंद करतो, कारण परतताना ती कड जाड झालेली असू शकते आणि तिच्यावर ना वल्हं चालतं, ना पाय टिकतो. काठावरून मात्र उघडं पाणी आहे तोवर जाता येतं; वाहत्या नदीचे डोह आणि धरणाच्या खालचं पाणी सगळ्यात शेवटी गोठतं. पातळ बर्फावर पाऊल टाकून फेक लांबवायचा मोह होतो, तो टाळा.

घरी आलात की रीळ उघडून कोरडं करा, ड्रायसूटच्या चेनीला मेण लावा, मनगट आणि मानेचं रबर पुसून सावलीत वाळत घाला. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या फिशफाइंडरची लिथियम बॅटरी गारठलेली असेल तर लगेच चार्जिंगला लावू नका, शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्याने ती बिघडते. खोलीत तास-दोन तास ठेवून मग लावा. आणि थर्मामीटरवरचे त्या दिवसाचे आकडे, खोली आणि वेळ वहीत लिहून ठेवा. माझी पुढच्या वर्षीची पहिली फेक त्याच पानावरून ठरते.